दोन की तीन

आमचे सर माणूस म्हणून वाईट नाहीत. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढचं ऐकल्यावर कुणाचा विश्वास बसायचा नाही. ते कुणावर आवाज चढवत नाहीत, कुणाची रजा अडवत नाहीत, आणि प्रयोगशाळेतल्या प्रत्येकाच्या घरच्या दुखण्याखुपण्याची चौकशी करतात. खोट एकच आहे. त्यांना जे दिसायला हवं असतं, ते त्यांना दिसतं. दुसऱ्या एखाद्या धंद्यात हे खपून गेलं असतं, पण आमचा धंदा बघण्याचाच आहे.

आम्ही अन्ननलिकेच्या कॅन्सरवर काम करतो. खरं तर त्या कॅन्सरच्या पेशींत सापडणाऱ्या एका प्रथिनावर. त्याचं पाळण्यातलं नाव म्हणजे चार अक्षरं आणि एक आकडा. आम्ही त्याला 'फितूर' म्हणतो. हे नाव सरांनी ठेवलं आणि चपखल ठेवलं. अन्ननलिकेच्या अस्तरातल्या पेशी एकमेकींना घट्ट धरून बसलेल्या असतात. हे प्रथिन त्यांच्यातही असतं, पण थोडं. कुठे ओरखडा आला, की ते तेवढ्यापुरतं जागं होतं आणि पेशींना सांगतं, जरा हात सोडा, वाढा, सरका, खड्डा भरून काढा. खड्डा भरला की गप्प. कॅन्सरमध्ये मात्र ते गप्प बसतच नाही. वाढा, हात सोडा, निघा, असा त्याचा घोशा चालूच राहतो. मग पेशी वाढतात, आणि एक दिवस निघतात. शेजारच्या गाठींत, यकृतात, फुप्फुसात जाऊन बिऱ्हाड थाटतात. ज्याच्या गाठीत फितूर जास्त, त्याचा आजार लवकर पसरतो. हे सरांनी शोधून काढलं, त्यासाठी उमेदीची वर्षं घातली, आणि ते श्रेय त्यांच्याकडून मी कधीच काढून घेणार नाही.

मग फितुराचं तोंड बंद करणारं औषध आलं आणि माणसांवर चाचणी सुरू झाली. हे औषध सरसकट सगळ्यांना देऊन चालत नाही. गाठीत फितूर भरपूर असेल तरच त्याला धरायला काही सापडतं. नसेल तर ते नुसतं अंगात हिंडतं. मग तळहातांची साल निघते, तोंड येतं, यकृत बिघडतं, आणि गाठ आपली मजेत वाढत राहते. म्हणून चाचणीत घेण्याआधी प्रत्येकाच्या गाठीचा तुकडा आमच्याकडे येतो. त्याची पापुद्र्यासारखी पातळ चकती काचेवर चढवून तिला रंग देतात. फितूर असेल तिथे तपकिरी दिसतं. मग दोघांनी, एकमेकांना न विचारता, सूक्ष्मदर्शकाखाली बघून गुण द्यायचे. तपकिरी नाहीच, तर शून्य. दूध जास्त पडलेल्या चहासारखं असेल, तर एक. नेहमीच्या चहासारखं, तर दोन. निम्म्याहून जास्त पेशी काळ्या कॉफीसारख्या गडद असतील, तर तीन. तीनवाल्याला औषध मिळतं, दोनवाल्याला नम्र भाषेत नकार.

तीनची ही रेघ माझ्या हट्टाने पडली. सरांना दोनपासून पुढचे सगळे हवे होते, माणसं जास्त मिळतात म्हणून. मी उंदरांचे आणि पहिल्या काही रुग्णांचे आलेख घेऊन बैठकीत उभी राहिले आणि दोन गुणांच्या गाठीवर हे औषध काडीचाही फरक करत नाही हे दाखवून दिलं. तेव्हापासून सर मला 'आमची सासू' म्हणतात, अगदी प्रेमाने. पण रेघ तीनवर गेली, आणि सरांना दोनांच्या जागी तीन दिसायला लागले.

दोघांचे गुण जुळले नाहीत, की ती काच दोन तोंडांच्या सूक्ष्मदर्शकावर समोरासमोर बसून बघायची, अशी पद्धत आहे. समोरासमोर म्हणजे बरोबरीने, असं कुणाला वाटेल. तसं काही नाही. काच सरकवायचा स्क्रू एकाच बाजूला असतो, आणि दृश्यात फिरणारा छोटा हिरवा बाणही त्याच बाजूने फिरवायचा असतो. ती खुर्ची सरांची. ते काचेवरचा सगळ्यात काळाकुट्ट कोपरा शोधतात, बाण तिथे नेऊन ठेवतात आणि गोड आवाजात विचारतात, "आता हे दोन आहेत का, तूच सांग." समोरच्याला तेवढाच कोपरा दिसत असतो, आणि त्या कोपऱ्यात खरोखरच तीन असतात. समोरचा "हो सर" म्हणतो. आमच्याकडे नवीन येणारा प्रत्येक जण आधी हेच शिकतो.

माझा थोरला भाऊ गाडी चालवायला शिकवतो. त्याचं ड्रायव्हिंग स्कूल म्हणजे दोन जुन्या गाड्या, एक फोन, आणि तो फोन उचलणारी वहिनी. दादा शिकवायला बसतो त्या सीटच्या पायाशी वेगळा ब्रेक असतो. मी त्याला आमच्या दोन तोंडांच्या सूक्ष्मदर्शकाबद्दल सांगितलं तेव्हा तो म्हणाला होता, "म्हणजे तुझ्या बाजूला ब्रेकपण नाही? मग तिथे शोभेला बसतेस काय गं, मास्तरीणबाई?" हे नाव त्याने मी शाळेत असतानाच ठेवलं. त्याची गणितं मी तपासायचे आणि चुकली तर तोंडावर चुकली म्हणायचे. आई म्हणायची, अगं, मोठा भाऊ आहे तुझा, दे ना सोडून. मला ते कधी जमलं नाही.

पुढे दादाने आधी पाव सोडला, मग मांस. प्रत्येक घासामागे पाणी प्यायला लागला, आणि विचारलं की म्हणायचा, ॲसिडिटी. मी कान धरून त्याला तपासायला नेलं. गाठ अन्ननलिकेच्या खालच्या टोकाला होती आणि यकृतापर्यंत पसरलेली होती. पहिलं औषध झालं, दुसरं झालं. यकृतावरचे ठिपके काही हलले नाहीत. शेवटी डॉक्टरांनी दोन गोष्टी समोर ठेवल्या. अन्ननलिकेत जाळीची नळी बसवून घ्यायची, म्हणजे घास तरी उतरेल, आणि घरी शांतपणे राहायचं. किंवा आमची चाचणी, तीन गुण मिळाले तर.

वहिनीने माझे दोन्ही हात धरले. "अगं, तुझंच तर काम आहे ना ते! तुझ्याच हातात आहे."

"माझ्या हातात काही नाही वहिनी. काचेत जे असेल ते असेल."

"असं काय बोलतेस परक्यासारखं?"

मी सरांकडे गेले आणि म्हटलं, या खेपेच्या काचांत माझ्या भावाची काच येणार आहे, मला गुण द्यायच्या कामातून काढा. सरांनी मला बसवलं, पाणी दिलं, दादाची नीट विचारपूस केली. मग म्हणाले, "दुसरं आहे कोण इथे ज्याच्या डोळ्यांवर मी विश्वास ठेवू? आणि काचेवर नुसता नंबर असतो. तुला कळणार नाही, मला कळणार नाही. आपण आंधळेच असतो की." तेव्हा मला ते पटलं.

पण आंधळं असणं वेगळं आणि माहीत असणं वेगळं. त्या खेपेत एका ट्रेमध्ये कुठेतरी दादा आहे हे मला माहीत होतं, त्यामुळे प्रत्येक काच दादाचीच झाली. तपकिरी दिसलं की जीव हरखायचा, आणि हरखला म्हणून लगेच मलाच माझा संशय यायचा. मग मी ती काच पुन्हा या टोकापासून त्या टोकापर्यंत बघायचे, डोळ्यांत तेल घालून. कुणाचे लाड होऊ नयेत म्हणून मी इतकी कडक झाले, की एरवी अडीचवर घुटमळले असते तिथे सरळ दोन लिहून मोकळी झाले. असं तरी आज वाटतं. तेव्हा कदाचित मी नेहमीसारखीच बघत होते. हा गुंता मला सुटलेला नाही आणि आता सुटणारही नाही.

गुण जुळवले तेव्हा एकाच काचेवर घोडं अडलं. मी दोन दिले होते, सरांनी तीन. आम्ही समोरासमोर बसलो. सरांनी बाण काळ्या कोपऱ्यात नेला.

"आता हे दोन आहेत का?"

"इथे तीन आहेत सर. जरा डावीकडे घ्या."

"कशाला?"

"डावीकडे घ्या ना सर."

त्यांनी काच केसभर सरकवली. मी म्हटलं, अजून. त्यांनी पुन्हा केसभर सरकवली. शेवटी मी उठले, टेबलाला वळसा घालून त्यांच्या बाजूला गेले आणि स्क्रूला हात घातला. असं आमच्याकडे कधी कुणी केलेलं नव्हतं. शेजारच्या बाकावरचे पिपेट हातात धरून तसेच राहिले. मी काच डावीकडे नेली, खाली नेली, सगळी फिरवून दाखवली. एक काळा कोपरा, आणि बाकी सगळा चहा.

"दोन," मी म्हटलं.

सरांचे कान लाल झाले, पण आवाज चढला नाही. "ठीक आहे. आपलं एकमत नाही. नियमाप्रमाणे तिसऱ्याला दाखवू."

तिसरा म्हणजे वरच्या मजल्यावरचा डॉक्टर, सरांच्याच हाताखाली शिकलेला. त्याने सरांची री ओढली नसती तरच नवल. तो सरांच्या खुर्चीच्या समोर बसला, सरांनी बाण ठेवला, आणि त्याने तीन सांगितले. सगळं कपातला चहा निवायच्या आत उरकलं.

मी चिडले, पण मला बरंही वाटत होतं, हे खोटं कशाला बोलू? एवढ्या वर्षांत पहिल्यांदाच कुणीतरी त्या स्क्रूला हात लावला होता. जेवणाच्या सुट्टीत बाकीच्यांनी माझ्या पाठीवर थाप मारली. संध्याकाळी कार्यालयाने कोणता नंबर कुणाचा ते उघड केलं. ती काच दादाची होती.

दुसऱ्या दिवशी दादा-वहिनी सह्या करायला आले तेव्हा सर स्वतः खाली गेले. मी मागोमाग पोचले, पण मला उशीर झाला होता. सर दादाच्या खांद्यावर हात ठेवून हसत होते. "तुमच्या बहिणीने तर तुम्हाला दारातच अडवलं होतं हो! दोनच देत होती. मी म्हटलं, नाही, तीन आहेत. शेवटी तिसऱ्याला बोलावून सोडवलं तुम्हाला." त्यांच्या मनात काही वाईट नव्हतं. आमच्या सासूबाईंची गंमत सांगत होते ते.

दादा हसला. "मला तीन? शाळेत कधी मिळाले नव्हते." वहिनी हसली नाही. ती माझ्याकडे बघत राहिली. मग पदर सारखा करून सरांच्या पायांशी वाकायला लागली, आणि सरांनी तिला अर्ध्यातच उठवलं.

माझी वहिनी मला एरवी 'अगं' म्हणते. तिला राग आला, की मी 'वन्सं' होते आणि 'अहो-जाहो'सुद्धा होते. त्या दिवशी गाडीत बसताना ती म्हणाली, "वन्सं, तुम्ही येऊ नका आमच्याबरोबर. आम्ही जाऊ आमचे."

"वहिनी, मला माहीत नव्हतं ती त्याची काच आहे."

"माहीत असतं तर तीन दिले असते?"

माझं उत्तर काय असणार ते तिला ठाऊक होतं. तिने दार लावून घेतलं.

मी तशीच सरांच्या खोलीत गेले. म्हटलं, "सर, त्याच्या गाठीत तीन नाहीत. औषध त्याला नुसतं झिजवणार आहे. आहेत ते चार बरे दिवससुद्धा जातील." सरांनी पेन टेबलावर दोनदा आपटलं. मग म्हणाले, "तुझा सख्खा भाऊ आहे, आणि तू त्याच्या विरोधात भांडतेयस. मला तुझं कौतुक वाटावं की भीती, कळत नाही. तिसऱ्याने बघितलंय, सगळं नियमाने झालंय. तरी तुला वाटत असेल तर चाचणीच्या समितीला अर्ज दे. ते त्याला बाहेर काढतील. देतेस अर्ज?"

त्यांनी एक कोरा कागद माझ्यापुढे सरकवला. मला त्या कागदाची इतकी चीड आली, की तो बोळा करून त्यांच्या तोंडावर फेकावासा वाटला. फेकला नाही. अर्जही दिला नाही. वहिनीला सरांच्या पायांशी वाकताना पाहिल्यानंतर, त्या बाईच्या हातातून ते औषध माझ्या सहीने काढून घ्यायचं? मी काही इतकी मोठी माणूस नाही. सरांना हे माहीत होतं. म्हणून तर त्यांनी कागद इतक्या निवांतपणे सरकवला.

एका दुपारी सगळे जेवायला गेले असताना मी ती काच काढली आणि एकटीने पुन्हा बघितली. या वेळी मनाशी ठरवून, तीन दिसावेत म्हणून बघितली. सरांसारखं बघता येतं का, ते करून पाहिलं. काळ्या कोपऱ्यात थांबले की दिसायचे तीन. पण कोपऱ्यात किती वेळ थांबणार? हात आपोआप काच सरकवायचा, आणि पुन्हा चहाच चहा. मी तिथे बसून रडले. रडून झाल्यावर काच पुसली आणि जागेवर ठेवली.

औषध सुरू झालं. दादाला गोळी गिळता येत नव्हती, म्हणून त्यांनी पूड दिली. ती पाण्यात कालवली की पांढरट दाट घोळ व्हायचा. सकाळी एक पेला, संध्याकाळी एक. काही आठवड्यांत त्याच्या तळहातांची साल निघायला लागली. तोंड आतून सोलवटलं. साधं पाणी लागलं तरी डोळ्यांत पाणी यायचं. डोळे पिवळट दिसायला लागले. डॉक्टर म्हणाले, औषध काम करतंय तेव्हा असं होतं. काम करत नसेल तेव्हाही असंच होतं, हे त्यांनी सांगितलं नाही. त्यांना तसं वाटतही नसावं, कारण त्यांच्याकडे कागदावर तीन लिहिलेले होते.

वहिनी मात्र उभी राहिली. आधीच्या दोन औषधांनंतर तिने फोन उचलणंच सोडलं होतं. दिवसभर पलंगाच्या कडेला भिंतीकडे तोंड करून बसायची. आता ती पहाटे उठून पूड कालवायची, पेला दिव्यापुढे धरून गुठळी राहिली नाही ना बघायची, आणि फोनवर दादाच्या विद्यार्थ्यांना सांगायची, "पुढच्या महिन्यापासून सर स्वतः शिकवतील. हो हो, तेच. थोडी तब्येत बरी नव्हती." तिने पुढच्या महिन्याच्या वेळासुद्धा देऊन टाकल्या. मला घरात यायला तिने कधी बंदी केली नाही. मी गेले की "या वन्सं" म्हणायची, चहा पुढे ठेवायची, आणि दुसऱ्या खोलीत निघून जायची.

एका रविवारी दादा म्हणाला, गाडीची बॅटरी उतरेल, एक चक्कर मारून आणू. त्याचे हात स्टिअरिंग धरण्याच्या लायकीचे राहिले नव्हते, म्हणून मी चालवायला बसले आणि तो त्याच्या नेहमीच्या सीटवर. मैदानाशेजारच्या रिकाम्या रस्त्यावर त्याने मला थांबायला सांगितलं. मी इंजिन बंद केलं, खिडकीची काच खाली केली. समोर पोरं सायकली फिरवत होती.

"एक विचारतो. तुला तेव्हा दोनच दिसले होते ना?"

"हो."

"परत बघितलंस नंतर?"

हा माणूस मला लहानपणापासून ओळखतो. मी परत बघणार हे त्याला माहीत होतंच.

"बघितलं."

"मग?"

खोटं बोलायची माझी तयारी होती. अगदी ओठांवर आणलं होतं. पण त्याने तो सोललेला हात माझ्या मनगटावर ठेवला, आणि त्या हातापुढे मला खोटं बोलवलं नाही.

"दोनच, दादा."

"आणि दोनवाल्याला हे औषध काय करतं?"

"काही नाही करत. त्याला धरायला काही सापडत नाही. नुसतं अंगावर येतं."

त्याने आपले दोन्ही तळहात उलटेसुलटे करून बघितले. "म्हणजे हे फुकटच सोलून घेतलं म्हण की."

"दादा, बंद कर ते. उद्याच बंद कर. नळी बसवून घे, सुखाने चार घास खा. मी येते तुझ्याबरोबर डॉक्टरांकडे. मीच सांगते सगळं."

"तुझ्या वहिनीला काही सांगायचं नाही."

"अरे पण..."

"मास्तरीणबाई, ऐक ना जरा. ती सकाळी उठल्यावर आधी त्या पुडीकडे बघते, मग माझ्याकडे. तिने फोन घ्यायला सुरुवात केलीय. परवा गाणं म्हणत होती भांडी घासताना. किती दिवसांनी! औषध मी घेतोय, पण लागू तिला पडतंय. ते मी बंद करू?"

"हा शुद्ध मूर्खपणा आहे," मी ओरडले. खरंच ओरडले, पोरांनी वळून बघितलं. "तू मरतोयस त्याने! लवकर मरतोयस! आणि तिला कळलं तर ती स्वतः तो पेला मोरीत ओतेल!"

"म्हणूनच कळू द्यायचं नाही," तो म्हणाला. "हात दुखतात रे देवा," असं म्हणत त्याने सीट मागे केली आणि डोळे मिटले. "चल, घे गाडी. क्लच हळू सोड. अजून झटका बसतो तुझा."

मी गाडी घेतली. घरी पोचेपर्यंत मला त्याचा राग होता, वहिनीचा होता, सरांचा तर होताच. सगळ्यात जास्त राग त्या खऱ्या उत्तराचा होता. ते मी पोटात ठेवलं असतं, तर निदान त्याने ते औषध आशेने तरी प्यायलं असतं. आता त्याला प्यायचं होतंच, पण सगळं माहीत असताना.

पुढच्या तपासणीच्या आदल्या दिवशी वहिनीने मला फोन केला. स्वतःहून. "अगं, ये ना संध्याकाळी," म्हणाली. ते 'अगं' ऐकलं, आणि मी धावतच गेले.

दादा उशांना टेकून बसला होता. अंगात काही राहिलं नव्हतं. सदरा खुंटीवर टांगल्यासारखा खांद्यांवर लोंबत होता. वहिनी पेल्यात पूड कालवत होती. मला बघून तिने चमचा खाली ठेवला, माझ्याजवळ आली आणि माझा हात हातात घेतला.

"तुला फार बोलले मी. बोलले नाही म्हण, पण मनात फार बोलले. उद्या तपासणी आहे, मनात किल्मिष नको. आपण दोघींनी ते विसरून जायचं."

"वहिनी, मी कधीच काही मनात ठेवलं नाही."

"माहितीये गं. पण मला एक हवंय तुझ्याकडून." तिचे डोळे भरून आले होते. "तेव्हा तुझं चुकलं होतं, एवढं फक्त म्हण. तुला कमीपणा आणायला नाही. मला ऐकायचंय. सर म्हणतात तीन, ते वरचे डॉक्टर म्हणतात तीन. पण तू दोन म्हणाली होतीस, आणि तू अशी आहेस, की तू एकदा म्हटलंस की... रात्री झोप लागत नाही गं मला. तू फक्त म्हण. तीन होते ना?"

मी दादाकडे बघितलं. तो खिडकीकडे बघत होता, पण त्याचे सोललेले हात चादरीवर घट्ट मिटले होते. शाळेपासून आजपर्यंत मी कुणाचा चुकीचा आकडा बरोबर म्हटला नव्हता. सरांचा नाही, आईने सांगूनसुद्धा त्याचा नाही.

"हो वहिनी," मी म्हटलं. "माझं चुकलं. मी घाईत बघितलं होतं. तीनच होते."

"नक्की?"

"नक्की. परत बघितलं मी. चांगले ढळढळीत तीन."

वहिनीने मला मिठी मारली. मग डोळे पुसून, एकदम हलकी होऊन, ती पेल्याकडे वळली, घोळ पुन्हा ढवळला आणि दादाच्या हातात दिला. "ऐकलंत ना? आता तर हिनेच सांगितलं."

"ऐकलं," दादा म्हणाला.

त्याने पेला दोन्ही हातांनी धरला, तोंडाला लावला, आणि प्रत्येक घोटाला डोळे घट्ट मिटत, थांबत थांबत, सगळा संपवला. वहिनीने रिकामा पेला उजेडात धरून मला दाखवला.

"बघ," ती म्हणाली, "आज थेंबसुद्धा ठेवला नाही."